वाताची पुडी आणि माझं पत्रक

आमच्या दवाखान्यात डॉक्टर रोगाचं नाव सांगतात आणि त्या नावाचा अर्थ कळावा म्हणून माणसाला माझ्या खोलीत पाठवतात. माझ्या दारावर 'समुपदेशक' अशी पाटी आहे. कुरखेड्याकडच्या एकाही माणसाच्या तोंडून हा शब्द मी आजवर ऐकलेला नाही. लोक मला 'समजावनारी म्याडम' म्हणतात. पाटीपेक्षा ते बरोबर आहे.

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि गुडघ्याचा एक प्लॅस्टिकचा सांगाडा आहे. क्षय, सिकलसेल, साखर, रक्तदाब असे सगळेच येतात, पण खुर्च्या सर्वांत जास्त अडवतात ते सांधे धरलेले लोक. हा धानाचा मुलूख आहे. रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावण्याच्या, दिवसांत बाया पोटरीएवढ्या चिखलात कंबरेत वाकून उभ्या असतात, आणि ते आठ-पंधरा दिवस नाही, महिनाभर चालतं. त्याआधी तेंदूपत्ता, त्याच्याआधी मोह वेचणं. सांधे न दुखणारी पन्नाशीची बाई मला इथे क्वचितच भेटली.

आठ वर्षांत कळलेली पहिली गोष्ट ही, की माणसाला रोगाच्या नावाचा अर्थ नको असतो, उपयोग हवा असतो. राजुऱ्याचे एक काका होते. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, लेकीकडे पाहुणे आलेले. गुडघ्यांची झीज होती. डॉक्टरांनी आर्थ्रायटिस सांगितला होता.

"म्हंजे वातच ना?" त्यांनी विचारलं.

"लोक वात म्हणतात. पण तसं पाहिलं तर..."

"वात नका म्हनू ना म्याडम. वात म्हनलं का सून म्हनते, तो त सगळ्याइलेच रायते. घरात कोनी इचारत नाई. इंग्रजीतलं लिहून द्या, मोठ्या अक्षरात. और नीचे सही मारो."

मी लिहून दिलं. दोन आठवड्यांनी, घरी परतल्यावर, त्यांचा फोन आला. सून स्वतःहून पाणी गरम करून देत होती. मी सांगितलेला एकही व्यायाम त्यांनी केला नव्हता.

दुसरा प्रश्न भाताचा. वात आहे म्हटलं की गावचं शहाणपण आधी भात बंद करतं. वांगं, दही, लाखोळीची डाळ त्यानंतर. ज्या गावात सकाळी भात आणि संध्याकाळी भाताची पेज, तिथे भात बंद म्हणजे जेवण बंद. एक म्हातारे सहा महिने भात सोडून बसले होते. आले तेव्हा सदरा हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता. सांधे होते तसेच सुजलेले. त्यांच्या बायकोने माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं राहू द्या. भात खाऊ देऊ का नाई, तेवढं सांगा."

"द्या," मी म्हटलं.

म्हातारे तिथेच रडायला लागले. त्या दिवशी मला वात या शब्दाचा पहिल्यांदा राग आला.

राग यायला मी तयारच होते, हेही सांगायला हवं. मी बल्लारपूरची. वडील कागद कारखान्यात कामगार होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. अंधश्रद्धा, दारू, हुंडा, मजुरी, मतदान. विषय संपला असं आमच्या घरात कधी झालं नाही. जयंतीच्या आधी आम्ही भावंडं जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो आणि घालता घालता वाचायचो. शाळेच्या पुस्तकांआधी मी तीच वाचली. वडिलांचं म्हणणं असं, की पत्रक वाचून माणूस उठला पाहिजे आणि उठून काय करायचं ते शेवटच्या ओळीत लिहिलेलं असलं पाहिजे. मला ते पटत होतं. अजूनही बरंचसं पटतं.

आमच्या डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या. एका दुपारी ओपीडी संपल्यावर मी त्यांना विचारलं, की आर्थ्रायटिस या नावाचा मूळ अर्थ काय. त्यांनी कोऱ्या केसपेपरवर लिहून दाखवलं. आर्थ्रॉन म्हणजे ग्रीक भाषेत सांधा. पुढे जोडलेल्या आयटिसचा अर्थ आज आपण सूज, दाह असा घेतो, पण मुळात तो नुसता 'अमक्याचा' एवढाच. म्हणजे आर्थ्रायटिस याचा जुना अर्थ सांध्याचा रोग. कारण नाही, उपाय नाही. दुखतं कुठे, तेवढं सांगणारं नाव.

मग त्यांनी रुमॅटॉइड लिहिलं. या प्रकारात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर चालून जाते. बोटं, मनगटं सुजतात, सकाळी तास-दीड तास मूठ मिटत नाही, आणि उपचार लवकर झाला नाही तर बोटं कायमची वाकडी होतात. या नावाच्या मुळाशी आहे 'र्‍हूमा', म्हणजे वाहणं. डोक्यातून काहीतरी पातळ खाली झिरपतं आणि सांध्यांत साचतं, अशी जुन्या वैद्यांची समजूत. गाऊट या रोगाचं नाव थेंब या लॅटिन शब्दावरून आलं. तीच समजूत, फक्त थेंबाथेंबाने.

"आणि आपला संधिवात?" मी विचारलं.

"संधी म्हणजे सांधा. वात म्हणजे शरीरात हलतं, फिरतं ते. बघ ना, एकमेकांना न विचारता सगळ्यांनी वाहणारं काहीतरी गृहीत धरलं. कारण दुखणं आज मनगटात असतं आणि चार दिवसांनी गुडघ्यात. कारण चुकलं त्यांचं, पण पाहणं चुकलं नव्हतं."

या बोलण्यातलं पहिलं अर्धं मी घेतलं आणि शेवटचं वाक्य सोडून दिलं. मला एवढंच ऐकू आलं, की हजार वर्षं लोकांना चुकीचं सांगितलं गेलं. बाईच्या दुखण्याला नशीब म्हणायचं आणि वात म्हणायचं, यात मला तेव्हा काही फरक दिसत नव्हता. दोन्ही शब्द ऐकल्यावर कोणी दवाखान्यात जात नाही.

जायचे ते आठवडी बाजारात. तिथे एक पुडीवाला बसायचा. मोटारसायकलला टेकवलेला फलक, पुढे चादर, चादरीवर जडीबुटीच्या बाटल्या आणि कागदात बांधलेल्या वाताच्या पुड्या. पुडी घेतली की संध्याकाळपर्यंत सूज उतरायची. जडीबुटीने इतक्या लवकर सूज उतरत नाही. डॉक्टरबाईंना संशय होता की त्यात स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. स्टिरॉइड हे खरं औषध आहे, आम्हीही देतो, पण मोजून आणि लक्ष ठेवून. वर्षानुवर्षं बेहिशेब खाल्लं तर तोंड गोल सुजतं, कातडी पातळ होते, हाडं ठिसूळ होतात. अशी गोल तोंडं मी रोज पाहत होते.

मी पत्रक लिहिलं. शीर्षक होतं, 'तुमच्या सांध्यात वारा नाही!' वाताच्या नावाची सगळी हकिकत चार परिच्छेदांत दिली. ती चांगली उतरली होती, आजही मी ती बदलणार नाही. मग पुडीवर आले. पुडी म्हणजे विष, असं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'पुडी आजच फेका. दोन-चार दिवस त्रास होईल, घाबरू नका.'

डॉक्टरबाई त्या आठवड्यात नागपूरला गेल्या होत्या. रोवणी तोंडावर आली होती. एकदा बाया बांधीत उतरल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यात उतरल्या, की महिनाभर कोणी भेटत नाही. मी थांबले नाही. पत्रक छापून आणलं आणि दवाखान्यापासून जवळच्या एका गावात, बुद्धविहारासमोर, बायांना जमवून मोठ्याने वाचून दाखवलं.

तिथे वच्छलाबाई होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज खणखणीत. बारा बायांच्या रोवणीच्या टोळीच्या त्या पुढारी. रुमॅटॉइडचं निदान त्यांना आमच्याकडेच मिळालं होतं, पण गोळ्या चालू केल्या की दोन महिन्यांत सोडायच्या. पुडी मात्र तीन वर्षं रोज. वाचन संपल्यावर त्या उठल्या.

"म्हंजे तो भाऊ आमाले जहर चारून राह्यला?"

"हो."

"आन् वात म्हनून काईच नाई?"

"दुखणं आहे. वारा नाही."

"आइकलं का वं बायाहो?" त्या मागे वळून म्हणाल्या. "इतके दिवस हवा खाल्ली आपन."

बाया हसल्या. मला वाटलं, पत्रक असं लागू पडायला हवं.

इथे टोळीची एक रीत सांगितली पाहिजे. रोवणीच्या पहिल्या दिवशी पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पहिली पेंढी पुढारी बाई हातात घेते. सगळ्या जणी तिला हात लावतात आणि हंगामाचा शब्द देतात. अर्ध्यात टोळी सोडायची नाही, कोणाची चुगली मालकाकडे करायची नाही, असं काय ते. त्यानंतरच ती पेंढी लागते. पेंढीवर दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडायचाच झाला तर तोही बांधीतच, पेंढी हातात घेऊन, सगळ्यांसमोर. त्या वर्षी वच्छलाबाईंनी शब्दात एक भर घातली. पुडी कोणी खायची नाही, आणि खात होतो म्हणून कुठे सांगायचंही नाही. दुसऱ्या गावच्या टोळ्या हसतील म्हणून.

हे मला रोवणीच्या पाचव्या दिवशी कळलं. डॉक्टरबाई नागपूरहून परतल्या होत्या. दुपारी बाराच्या सुमारास ट्रॅक्टर दवाखान्यात शिरला. ट्रॉलीत ताडपत्रीवर वच्छलाबाई, चिखलाने माखलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. सोबत त्यांची जाऊ शेवंता आणि टोळीतल्या दोघी. शेवंता सांगत होती, "तीन दिवसापासून उलटी होऊन राह्यली. उभी राहत नोती. तरी बांधीत ये. आज तोंडावर पडली."

रक्तदाब जवळजवळ लागत नव्हता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय खाल्लं? काही औषध चालू होतं का?"

शेवंता खाली पाहत राहिली. दुसऱ्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अहो, बोला! औषध काय चालू होतं?"

"काई नाई," शेवंता म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. चालू काहीच नव्हतं. मी भिंतीशी उभी होते. मी म्हटलं, "मॅडम, पुडी. तीन वर्षं रोज खात होत्या. बंद केली. मी सांगितलं म्हणून."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगितलं. सलाईन लागलं. अर्ध्या तासाने रक्तदाब वर यायला लागला. मग त्या हात धुता धुता मला समजावून सांगायला लागल्या, मी ज्या आवाजात रोग्यांना सांगते त्याच आवाजात. स्टिरॉइड शरीर स्वतःही बनवतं. बाहेरून रोज मिळायला लागलं की ते बनवणारी ग्रंथी काम सोडून देते. बाहेरचं एकदम तोडलं तर शरीराकडे काहीच उरत नाही. म्हणून ते थोडं थोडं करत उतरवावं लागतं, महिनोन् महिने. एकदम सोडलं तर माणूस मरू शकतो.

"हे मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"माहीत नसणं वेगळं. मला न दाखवता छापलंस." मग लगेच, "आणखी किती जणींनी सोडलीय?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. बारा बाया, एकच शब्द. मी शेवंताला विचारलं. तिने मान फिरवली. मी पलंगाजवळ गेले. वच्छलाबाईंनी डोळे उघडले होते.

"वच्छलाबाई, टोळीत अजून कोण कोण रोज पुडी खात होतं?"

"तुमी म्हनल्या जहर हाये," त्या हळू म्हणाल्या. "आता सिस्टर म्हनते, तेच सुईतून देऊन राह्यलो. काऊन?"

मी सांगितलं. जसं डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं तसंच. चूक माझी आहे, हेही सांगितलं.

"नावं मी नाई सांगत. पेंढीवर शबद देल्ला हाये. मोडाचा असन त बांधीत जा. इथी नाई मोडत."

"मी तर शब्द दिलाच नव्हता."

"तुमच्याच कागदावरून देल्ला ना? मंग तुमीच मोडा." आणि जावेला म्हणाल्या, "शेवंता, नेजो म्याडमले. सोनाबाईले सांग, मी पाठोलं म्हनून."

दवाखान्याच्या गाडीतून आम्ही गेलो. धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या कडेपर्यंत, गाडी जात नाही, पुढे बांधावरून चालावं लागतं. ऊन पडलं होतं. बांधीत आठ बाया ओळीत वाकलेल्या होत्या. मालक छत्री घेऊन बांधावर उभा होता. सोनाबाई टोळीतल्या सर्वांत थोर. साठीच्या पुढच्या, कोरड्या, ताठ. वच्छलाबाईंच्या जागी त्या दिवशी त्याच पुढे होत्या.

"हाये का मेली?" त्यांनी वाकल्या-वाकल्याच विचारलं.

"आहेत. शुद्धीवर आहेत."

ओळीतल्या बाया सरळ उभ्या राहिल्या. शेवंताने निरोप सांगितला. मालक म्हणाला, "पऱ्हे सुकून राह्यले, जे बोलाचं ते लवकर बोला."

"तुमी गप राहा हो भाऊ," सोनाबाई म्हणाल्या. मग मला, "चपला काढा. उतरा."

मी उतरले. चिखल गुडघ्याला लागला. त्यांनी माझ्या हातात पेंढी दिली. ओली, जड, मुळांना माती धरलेली.

"बोला आता. जोरात. त्या दिवशी विहारासमोर बोलल्या होत्या तसं."

मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे, मोर्चात, सभेत, माइकवर. तिथे मला तीन वाक्यं बोलायला वेळ लागला. मी म्हटलं, की पुडी एकदम फेका हे मी चुकीचं लिहिलं. ज्या जास्त दिवस खात होत्या, त्यांच्या जिवाला आज धोका आहे. पुडीत जे होतं, ते आता डॉक्टरांकडून गोळीने घ्यावं लागेल आणि मग हळूहळू कमी करावं लागेल, म्हणून तो शब्द मोडा.

सोनाबाईंनी बांधीतली मोकळी जागा बोटाने दाखवली.

"आता लावा ती पेंढी," सोनाबाई म्हणाल्या. "ज्यानं शबद मोडला त्यानं लावाची असते. सगळी."

मी लावायला लागले. बोटांनी चिखलात रोप दाबायचं आणि मागे सरकायचं, हे आठ वर्षं मी रोग्यांच्या तोंडून ऐकत आले होते. चार रोपं लावली तर दोन तरंगायला लागली. मागे सरकताना मी माझीच रोपं तुडवली.

"अवं, धान लावून राह्यली का मेथी पेरून राह्यली?" मागून कोणीतरी म्हणालं.

"कागदावर लिहाले सरळ येते बाईले, बांधीत वाकडं."

"पाय उचल ना वं माय! पायाखाली पाह्य!"

एक जण हसली, मग सगळ्याच हसल्या. मालकसुद्धा. पेंढी संपेपर्यंत माझी कंबर धरली होती. मी उभी राहिले तेव्हा ओळीच्या टोकाची एक बाई म्हणाली, "मी खात होती. दोन वर्षं. कालपासून मलेबी गरगरून राह्यलं."

मी खिशातून वही काढली. हात चिखलाचे होते, पेन घसरत होता. तिच्या शेजारची म्हणाली, ती फक्त हंगामात खाते. डॉक्टरांना विचारू म्हणून तिचंही नाव लिहिलं. मग तिसरी, चौथी. शेवंताने बांधावरून सांगितलं, "माह्यंबी लिवा," आणि दवाखान्यात थांबलेल्या दोघींपैकी एकीचं नाव आपणहून दिलं. सातवी अगदी नवीन लग्न झालेली पोरगी होती. तिचं तोंड गोल होतं, आणि ते मी विहारासमोर पाहिलं असूनही पाहिलं नव्हतं.

"सात," मी म्हटलं. "सगळ्यांनी आत्ताच चला. गाडी उभी आहे."

मालक म्हणाला, "अन् रोवना?"

सोनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्या ओळीपाशी आल्या, वाकल्या आणि मी लावलेलं एक-एक रोप उपटून पुन्हा लावत गेल्या, डावीकडून उजवीकडे, जराही घाई न करता. वाकताना त्यांनी एक हात गुडघ्यावर दाबून धरला होता. ओळ सरळ झाल्यावर त्यांनी बांधीतल्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि बांधावर चढताना माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आठवी मले लिवा."